क्रियापद कुठंय?

आमच्या कारखान्यात दर सोमवारी सकाळी साडेदहाला मीटिंग व्हायची. सतरा वर्षांपूर्वी मी अकाउंट्समध्ये लागले तेव्हाही ती होती. कुणी सुरू केली, का सुरू केली, हे विचारायची पद्धत नव्हती. सोमवार म्हणजे सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन आणि साडेदहाला मीटिंग, एवढं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. टेरी टॉवेलचा. ४८ माग, तेव्हा तीन पाळ्या. केबिन मागखात्याच्या बरोबर डोक्यावर आहे. खाली माग चालू असले की वर टेबलावरच्या चहात बारीक लाटा उठत राहतात. नवीन माणूस दचकतो. आम्ही लाटा थांबल्या की दचकतो, कारण थांबल्या म्हणजे लाईट गेली.

मीटिंगला आम्ही अकरा जण. मालक, त्यांचा मुलगा (चाळिशीला आला तरी सगळे त्याला छोटे मालकच म्हणतात), विव्हिंग मास्तर, दोन जॉबर (माग जुळवून देणारे), डाईंगचे म्हणजे रंगाईचे मास्तर, शिलाई खात्याच्या अक्का, स्टोअरवाले, पॅकिंगचा मुलगा, अकाउंट्समधली एक मुलगी आणि आता प्लॅनिंग बघणारी मी. छोटे मालक पुण्याला शिकून आल्यावर मीटिंगला छापील कागद आला. त्यावर दर सोमवारी हेच असायचं:

१. प्रॉडक्शन
२. क्वालिटी
३. डिस्पॅच
४. कामगार
५. इतर

साडेदहाला बसलं की उठायला साडेबारा. एकदा हातात कॅल्क्युलेटर होता म्हणून हिशेब केला. अकरा माणसं, दोन तास, म्हणजे आठवड्याला २२ तास. वर्षाचे ५० आठवडे धरले तर ११०० तास. आठ तासांच्या पाळीने भागलं की १३७ दिवस. म्हणजे साडेचार महिने एक माणूस रोज कामावर येऊन फक्त खुर्चीवर बसतोय आणि पार्ले बिस्किट चहात बुडवतोय. हा आकडा मी कुणाला सांगितला नाही. त्या दोन तासांत मीही बिस्किटं खात होतेच.

मग जीएसएमचं प्रकरण झालं.

दक्षिणेकडच्या एका हॉटेल-पुरवठादाराची ऑर्डर होती. पांढरा बाथ टॉवेल, ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम, ९,००० नग. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. या मापाने एक टॉवेल ४९० ग्रॅम भरायला हवा. आमचा भरत होता ४६०. हातात घेतला तर फरक कळत नाही, काट्यावर ठेवला की कळतो, आणि गिऱ्हाइकाकडे काटा असतो.

टेरीच्या मागावर दोन बीम असतात, सूत गुंडाळलेले रूळ. एकाचा ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट, तो टॉवेलची जमीन धरतो. दुसऱ्याचा सैल, त्याचे लूप उठतात. बाण्याचे दोन आडवे धागे जरा अलीकडेच ठेवायचे आणि तिसऱ्याला फणीने तिन्ही एकदम ठोकून पुढं न्यायचे, की सैल ताणा वर फुगतो. तोच आपल्या अंगाला लागतो तो मऊपणा. लूप थोडा उंच केला की वजन वाढतं, आणि सूतही जास्त जातं. नगामागे ३० ग्रॅम म्हणजे ९,००० नगांना २७० किलो. तेव्हाच्या भावाने साधारण पासष्ट हजारांचं सूत.

पहिल्या सोमवारी मोठे जॉबर म्हणाले, “वजन कमी यायलंय की ओ.” विव्हिंग मास्तर म्हणाले, बघू. दुसऱ्या सोमवारी डाईंगचे मास्तर म्हणाले, धुलाईत पण वजन उतरतं, ते आधी धरायला पाहिजे होतं. बरोबर होतं. स्टोअरवाले म्हणाले, सूत जास्त लागणार असेल तर आज सांगा, मागवायला चार दिवस लागतात. तेही बरोबर. मी म्हणाले, गिऱ्हाइकाशी एकदा बोलायला हवं. त्यालाही सगळ्यांनी माना डोलावल्या. जॉबर म्हणाले, लूप वाढवायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे, फक्त सांगा. तिसऱ्या सोमवारी मालक एका लग्नाला हैदराबादला होते आणि निम्म्याहून जास्त माल विणून झाला होता.

तीन सोमवार आम्ही त्या विषयावर बोललो. तिन्ही वेळा प्रत्येक जण खरं बोलला. कुणी खोटं बोललं असतं तर निदान राग धरायला एक माणूस सापडला असता. कागदावर तिन्ही वेळा एकच ओळ होती: ‘२. क्वालिटी – जीएसएम’.

गिऱ्हाइकाने सहा टक्के कापले. २१० रुपयांचा नग, ९,००० नग, त्याचे सहा टक्के, म्हणजे १ लाख १३ हजार आणि वर चारशे. पासष्ट हजार वाचवायचे ठरवून एवढे गेले असते तर मी त्याला धंदा म्हणाले असते. इथं कुणी काही ठरवलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी कागद पर्समध्ये तसाच राहिला आणि घरी आला. आमचे अप्पा एका विणकर सहकारी सोसायटीचे बावीस वर्षं सेक्रेटरी होते. हातमागाची सोसायटी, आता ती नाही. अप्पांना छापलेलं काहीही दिसलं की वाचायची सवय आहे, औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा. शेंगा चटणीचा डबा शोधता शोधता त्यांच्या हाताला तो कागद लागला. चष्मा वर-खाली करून दोनदा वाचला आणि मला म्हणाले, “याला क्रियापद कुठंय?”

मला कळलंच नाही.

“प्रॉडक्शन. प्रॉडक्शनचं काय? वाढवायचंय? थांबवायचंय? त्याची आरती करायचीय?”

मग त्यांनी सोसायटीची विषयपत्रिका तोंडपाठ म्हणून दाखवली, जशी लोक रामरक्षा म्हणतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गतवर्षीच्या ताळेबंदास मंजुरी देणे. सूत खरेदीचे दर ठरविणे. थकीत कर्जदार सभासदांवरील कारवाईबाबत निर्णय घेणे. मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. करणे, देणे, ठरविणे, घेणे. लहानपणी अप्पा कार्बन लावून या नोटिसा लिहायचे तेव्हा ती भाषा मला अगदी सरकारी, कोरडी वाटायची. पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, की त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी माणूस सभेतून उठताना काय झालेलं असणार हे लिहिलेलं असायचं.

आणि खाली ठराव. ठरावाला नंबर, सूचक कोण, अनुमोदक कोण, सर्वानुमते की बहुमताने. म्हणजे वर क्रियापद आणि खाली कर्ता. आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये दोन्ही नव्हतं, नुसती नामं होती.

इथं एक कबूल करायला हवं. सहकारातली विषयपत्रिका क्रियापदांनी कितीही भरलेली असली तरी सभा शहाणी होतेच असं नाही. सप्टेंबर आला की आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या सभांच्या बातम्या वाचा. व्यासपीठावरून विषय क्रमांक एक ते बारा एका दमात वाचायचे, समोरून ‘मंजूर, मंजूर’, मागून ‘नामंजूर’च्या घोषणा, आणि दहाव्या मिनिटाला राष्ट्रगीत. अप्पांनीही असल्या सभा पाहिल्यात. कोरम (ठरलेली किमान हजेरी) नाही म्हणून सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी तीच सभा, तेव्हा कोरमची गरज नाही. बाहेर जाऊन पान खाऊन यायचं तेवढ्यात. क्रियापद लिहिणं ही कागदावरची गोष्ट झाली. ते क्रियापद खरं आहे का, हे वेगळं. त्याच्याकडे शेवटी येते.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना विचारलं, पुढच्या सोमवारचा कागद मी करू का? ते म्हणाले, कर की. त्यांना वाटलं टायपिंगचं म्हणते.

मी बसले आणि प्रत्येक विषयापुढं क्रियापद लिहायला लागले. प्रॉडक्शन. यात व्हायचं काय? विव्हिंग मास्तर गेल्या आठवड्याचे मीटर वाचून दाखवायचे. म्हणजे ‘माहिती देणे’. डिस्पॅच. टेम्पो कधी गेला, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आली का. ‘माहिती देणे’. कामगार. कोण रजेवर, कोण गावाला. ‘माहिती देणे’. पाचातल्या तीन विषयांसाठी अकरा माणसांची काही गरज नव्हती, एक फळा पुरला असता. मी गेटजवळ, हजेरीच्या मशीनच्या वर, एक पांढरा फळा लावून घेतला. मीटर, डिस्पॅच, रजा. रोज सकाळी आठला जॉबर आकडे लिहितो. आता वॉचमनसुद्धा सांगतो काल किती मीटर निघालं.

आणि मग मी एक मूर्खपणा केला. तीन विषय गेले, क्वालिटीचं जे असेल ते त्या-त्या माणसाशी बोलता येतं, म्हणून मालकांच्या मागे लागून सोमवारची मीटिंगच बंद केली. केवढी हुशार आहे मी, असं वाटत होतं. आठवड्याचे २२ तास वाचवले!

तिसऱ्या आठवड्यात शिलाई खात्याच्या अक्का जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. डबा हातात तसाच.

“मीटिंग बंद केली म्हणे की तुम्ही.”

“हो अक्का. वेळ जायचा नुसता.”

“तुमचा जायचा ओ मॅडम,” त्या म्हणाल्या. “आमचं तेवढंच खुर्चीवर बसणं होतं.”

मी गप्प. अक्कांच्या हाताखाली सव्वीस बायका हेमिंग करतात. कडा दुमडायच्या, शिवायच्या, धागे कापायचे. माल उशिरा आला तर त्यांनाच थांबावं लागतं, आणि माल चुकला तर पहिलं बोट त्यांच्याकडे. त्या सोमवारच्या दोन तासांत मालक त्यांना एकदा तरी विचारायचे, ‘अक्का, शिलाईचं काय?’ आठवड्यात तेवढा एकच प्रश्न त्यांना विचारला जायचा, आणि मी तो काढून टाकला होता. कागदावर न लिहिलेलं एक काम ती मीटिंग करत होती, आणि बंद करण्याआधी मला ते दिसायला हवं होतं.

म्हणून आता महिन्यातून एकदा एक सभा असते, तिचं क्रियापद आहे ‘ऐकणे’. त्यात काहीही ठरवायचं नाही, हा नियम. मालकांना ही सभा अजिबात आवडत नाही. ठरवायचं नाही तर बसायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण पहिल्याच वेळी अक्कांनी सांगितलं, की गडद निळा आणि काळा दोरा संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात सारखाच दिसतो, म्हणून चुकीच्या रंगाचे हेम होतात. आम्ही दोन वर्षं त्या चुकीसाठी बायकांना बोलत होतो. प्रत्येक मशीनला एक छोटा एलईडी दिवा लागला. दिवे लावायचं त्या सभेत ठरलं नाही हं, नियम म्हणजे नियम. मालकांनी खाली उतरता उतरता स्टोअरवाल्यांना सांगितलं.

या सभेची वेळ ठरवतानाही मी एकदा तोंडावर पडले. एका महिन्यात ती सकाळी नऊला ठेवली. अक्का आल्या नाहीत, त्यांच्याकडच्या आणखी दोघी आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांच्या भागात पाणी होतं. सोलापुरात राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. काही-काही दिवसांनी नळ येतो, उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, आणि नळ आला की घरातली बाई हलू शकत नाही. आता मी आधी विचारते, पाणी कधी आहे? मग तारीख.

रोजची दुसरी एक मीटिंग आहे, दहा मिनिटांची, पाळी बदलताना. ती मागखात्यात होत नाही, तिथं माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. सूत गोदामाच्या दारात उभ्यानेच होते. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आज काय अडलंय आणि कुणामुळे मोकळं होणार, एवढंच. खुर्च्या नाहीत म्हणून ती लांबत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याखाली ४२-४३ अंशांत तर पाच मिनिटांतच संपते.

जास्त सांगण्यासारखं आहे ते ठरवायच्या मीटिंगबद्दल. ती आता सोमवारी होत नाही. ठरवायचं असेल तेव्हा होते. आदल्या दिवशी फळ्यावर एक ओळ लागते, आणि ती ओळ ‘णे’ने संपते. एखादवेळी दोन ओळी. कोण यावं तेही लिहिलेलं असतं. कोरमचा नियम मी अप्पांकडून घेतला पण जरा वाकवून. आमच्याकडे डोकी मोजत नाहीत. ज्याच्या ‘हो’शिवाय ती गोष्ट होणार नाही तो माणूस म्हणजे कोरम. तो हैदराबादला लग्नात असेल तर सभा तहकूब. आणि अर्ध्या तासाने परत भरत नाही.

ओळ लिहिताना मी जी क्रियापदं टाळते त्यांचीही एक यादी डोक्यात झाली आहे. ‘चर्चा करणे’ त्यात पहिलं. ‘आढावा घेणे’ दुसरं. ‘विचारविनिमय करणे’ हे तर अप्पांचं लाडकं. मी म्हटलं, अप्पा, हे क्रियापद नाही, ही पळवाट आहे. त्यांना राग आला. मग थोड्या वेळाने म्हणाले, “अध्यक्ष ऐकत नसले की तेच लिहायचो.”

बोलताना वेगळीच अडचण. आपल्या भाषेत कर्ता लपवायच्या जागा फार. ‘होऊन जाईल.’ कोण करणार? ‘बघून घेऊ.’ कोण बघणार? ‘सांगून ठेवलंय.’ कुणी, कुणाला? आणि ‘बघू’ म्हणजे नाही, हे तर प्रत्येक लेकराला माहीत असतं. मीटिंगच्या शेवटी मी वही उघडते आणि विचारते, “सूचक कोण?” आधी सगळे हसायचे. आता जो तो आपणहून सांगतो. मी मराठीत लिहून मोठ्याने वाचते, मग मोठे जॉबर तेच तेलुगूत सांगतात, कारण आमच्याकडे निम्मं खातं घरी तेलुगू बोलतं. शिलाईत कानडी बोलणाऱ्या तिघी-चौघी आहेत, त्यांना अक्का समजावतात. फिटर उर्दूत शेरा मारतो तो भाषांतराशिवाय सगळ्यांना कळतो.

दोनदा सांगण्याचा एक फायदा माझ्या लक्षात आला नव्हता. तेलुगूत सांगताना जॉबर अडखळले की समजायचं, ठराव मुळातच धूसर आहे. एकदा मी वाचलं, ‘लॉट वेळेत द्यायचा.’ ते थांबले. म्हणाले, “वेळेत म्हणजे मॅडम? वार सांगा.”

वाराचीही एक गंमत आहे. डाईंगचे मास्तर यूपीचे. त्यांनी एकदा सांगितलं, “कल वाला लॉट रोक देना, शेड में फरक है.” त्यांचं ‘कल’ म्हणजे आदल्या दिवशी रंगवलेलं. पॅकिंगच्या पोराला वाटलं उद्याचं. त्याने इमानदारीने दुसऱ्या दिवशीचा चांगला लॉट अडवून धरला, आणि फरकाचा लॉट टेम्पोत बसून निघून गेला. वाटेतून परत बोलावला, तोवर मोहोळ गाव गाठलं होतं त्याने. तेव्हापासून आमच्या वहीत ‘काल’, ‘उद्या’, ‘कल’, ‘परवा’ हे शब्दच नाहीत.

सगळं एवढं सुरळीत चाललंय असं मात्र समजू नका. मागच्या उन्हाळ्यात दोन विषय एकाच दिवशी ठेवले. एक, ३८ लाखांची नवीन वार्पिंग मशीन (ताणा बीमवर गुंडाळणारी) घेणे. दोन, कामगारांच्या चहाचा ठेका बदलणे. मशीनचा विषय बारा मिनिटांत संपला. चहाला एक तास लागला. साखर किती, दूध कसलं, जुना चहावाला कुणाच्या मेहुण्याचा कोण. पार्किन्सन नावाच्या इंग्रज माणसाने १९५७ सालीच हे लिहून ठेवलंय. त्याच्या गोष्टीतली समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकल-शेडवर पाऊण तास भांडते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. आमच्या चहाने त्याच्या सायकलींना मागे टाकलं. माझीच चूक, दोन्ही एकत्र ठेवायला नको होतं. चहाचं आता अक्का ठरवतात. एकट्या. त्याला मीटिंग लागत नाही.

कधी कधी वाटतं, आपल्या गावात वर्षातून एकदा एवढी मोठी सभा होते आणि आपण काही शिकलो नाही. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, देवाच्या लग्नाला संमती कट्ट्यावर लाखो माणसं जमतात. सात नंदीध्वज येतात, संमती वाचली जाते, ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ होतं आणि अक्षता पडतात. आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं आपण कशाला आलोय. पांढऱ्या बाराबंदीत घामाघूम झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही, आजचा अजेंडा काय. अर्थात नऊशे वर्षांच्या देवाच्या लग्नाशी टॉवेलच्या कारखान्याची तुलना करणं बरोबर नाही, अप्पा रागावतील.

आता त्या खऱ्या-खोट्या क्रियापदाकडे येते.

दोन महिन्यांपूर्वी मालक मला म्हणाले, “रातपाळीबद्दल सगळ्यांना बोलावून विचारून घेऊ.” रातपाळीची १४ माणसं. ऑर्डरी कमी झाल्यात, सुताचा भाव आणि विजेचं बिल दोन्ही वर, रात्री निम्मेच माग चालायचे. मला आकडे माहीत होते, मीच काढून दिले होते. मी फळ्यावर ओळ लिहायला गेले. ‘रातपाळी चालू ठेवण्याबाबत निर्णय घेणे’. मार्कर हातात, आणि हात पुढं जाईना. परत वर केबिनमध्ये गेले.

“शेठ, विचारायचंय की सांगायचंय?”

“म्हणजे?”

“ते नको म्हणाले तर चालू ठेवणार का?”

ते खिडकीतून खाली मागांकडे बघत राहिले. चहात लाटा येत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाले, “नाही. सांगायचंय.”

मग मी लिहिलं: ‘रातपाळी बंद करण्याच्या निर्णयाची माहिती देणे. दिवसपाळीत किती जणांना घेता येईल ते सांगणे.’ छोटे मालक म्हणाले, असं आधी फळ्यावर लावलं तर गोंधळ होईल, मीटिंगमध्येच हळूहळू सांगू. मालकांनी ते पुसू दिलं नाही. याचं श्रेय मी घेणार नाही, ते त्यांचं.

गोंधळ झाला नाही. त्याहून अवघड झालं ते म्हणजे सगळे वेळेवर आले आणि शांत बसले. मालकांनी मराठीत आकडे सांगितले. १४ पैकी नऊ जणांना दिवसपाळीत घेणार, पाच जणांचा हिशेब अमुक तारखेला. मी वहीत लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि सवयीने मोठ्या जॉबरकडे पाहिलं.

ते म्हणाले, “हे मी नाही सांगणार मॅडम. यातले दोघं माझ्या गल्लीतले आहेत.”

कुणीच बोललं नाही. मग मालक उठून उभे राहिले. त्यांच्या आजोबांनी इथल्याच पूर्व भागात दोन हातमाग टाकून सुरुवात केली होती, पण कारखान्यात ते कायम मराठीतच बोलतात. त्यांनी पहिल्यापासून सगळं परत सांगितलं, तेलुगूत, खुर्चीच्या पाठीला हात धरून. मला त्यातलं निम्मं कळलं.

त्या दिवशीच्या पानावर सूचकाच्या रकान्यात मालकांचं नाव आहे. अनुमोदकाचा रकाना मी कोराच ठेवला.